बघायला या, पण आधी ग्रामसभेला विचारा



गेल्या रविवारी आमच्या वाडीत दोन जीपगाड्या आल्या. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी चार येतील. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला आमची कातकरवाडी, आणि तिथून दीड तास चढून गेलं की धनगरवाडा. एवढं सांगितलं तरी चिपळूण तालुक्यातल्या वाचकांना कळेल, कारण अशा वाड्या एक नाही, कितीतरी आहेत.

गाडीतून बारा-तेरा माणसं उतरली. शहरातली, चांगल्या घरची. बोलायला वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. त्यांना घेऊन आलेला माणूस बाजारपेठेतला. त्याच्या हातात छापील कागद होता, त्यावर आमच्याच डोंगराचा फोटो, आणि खाली पारंपरिक डोंगरी गाव बघायला मिळेल असं लिहिलेलं. म्हणजे आम्ही बघायची वस्तू झालो, आणि ते आम्हालाच माहीत नव्हतं.

एक बाई म्हातारीला म्हणाल्या, आजी, जात्यावर बसा ना जरा, फोटो काढते. म्हातारी बसली. मग त्या म्हणाल्या, मागचा तो निळा प्लॅस्टिकचा ड्रम बाजूला करता येईल का, फोटोत बरा दिसत नाही. ड्रम बाजूला केला. त्या ड्रममध्ये दोन दिवसांचं पाणी होतं. झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं. सरकवताना निम्मं सांडलं. फोटो छान आला म्हणे.

पोरांना चॉकलेटं वाटली. मग माणसं वर धनगरवाड्यावर गेली, ताक प्याली, भाकरी खाल्ली, कूड लावलेली घरं बघितली आणि संध्याकाळी परत गेली. जाताना एकजण मला म्हणाले, "तुम्ही नशीबवान आहात. लाईट नाही, रस्ता नाही, आवाज नाही. असंच राहू द्या."

मी त्यांना उत्तर दिलं नाही. पाहुणा माणूस, काय बोलणार? ते उत्तर या अंकात लिहितो आहे. त्यांच्यासाठी थोडं, आणि आपल्यासाठी जास्त.

कारण गोष्ट फोटोपुरती राहिलेली नाही. त्याच आठवड्यात वाडीत एक कागद आला आहे. पर्यटनाची समिती करायची, तिच्यात वाडीतली पाच माणसं घ्यायची, आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे करायचे. कागद घेऊन आलेल्या साहेबांना आम्ही विचारलं, २००९ साली आम्ही वनहक्काचा दावा टाकला, त्याचं काय झालं? साहेब म्हणाले, "ते नंतर बघू. आधी ह्याच्यावर सह्या करा. तुमच्या पोरांना रोजगार मिळेल."

हे नंतर बघू आणि आधी सह्या, यातच सगळी मेख आहे.

लाईट नाही ही परंपरा नव्हे

पहिलं त्या पाहुण्यांचं घेऊ. लाईट नाही, रस्ता नाही, हे त्यांना छान वाटलं. पण ही आमच्या बापजाद्यांची चाल नाही. हा आमच्यावर झालेला अन्याय आहे.

कोयनेचं पाणी कुठून येतं? आमच्या डोंगराच्या पोटातून. बोगद्यातून खाली येतं, पोफळीला वीज होते, पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून परत वीज होते, आणि उरलेलं पाणी वाशिष्ठीला मिळतं. कोयना प्रकल्पाची ताकद आज १९६० मेगावॉट आहे. विजेच्या मोठ्या तारा आमच्या डोक्यावरून जातात. त्या तारांच्या खाली धनगरवाड्यावर रॉकेलची चिमणी जळते. पाहुण्यांना ती चिमणी सुंदर दिसली. तिच्या धुराने म्हातारीचे डोळे गेले, ते त्यांना दिसलं नाही.

रस्त्याचं तेच. वरच्या वाड्यावरची बाई अडली की चार माणसं बांबूला झोळी बांधतात आणि डोली करून तिला खाली आणतात. पावसाळ्यात पऱ्याला पाणी असलं तर थांबतात. कधी पोर वाटेतच होतं. कधी बाई वाचत नाही. रस्ता मागितला की उत्तर ठरलेलं, जंगल आहे, परवानगी नाही.

साथींनो, हे उत्तर खोटं आहे. नीट लक्षात ठेवा. वनहक्क कायदा २००६, कलम ३, पोटकलम २. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ता, अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस. एवढंच लागतं. वरपर्यंत दिल्लीला जावं लागत नाही. मग आमच्या वाडीचा रस्ता का होत नाही? आणि त्याच डोंगराच्या अंगाला बाहेरच्या माणसाने प्लॉट घेतला की वर्षात तिथे खांब कसे पोचतात?

तेव्हा पाहुण्यांनो, आमची गरिबी आणि आमची परंपरा यांची गल्लत करू नका. आमची परंपरा आहे वाघबारशीला वाघाला नैवेद्य दाखवायची. देवराईतली काठीसुद्धा न उचलायची. माशांच्या विणीच्या दिवसांत डोहाला हात न लावायची. कंद काढताना डोळा परत मातीत पुरायची. ती बघायची असेल तर जात्यापाशी बसून चालणार नाही. ती जंगलात आहे, आणि जंगलात जायला आज आम्हालाच भीती वाटते.

जंगल राखलं कुणी, आणि पाटी लावली कुणी

आपल्या डोंगराच्या पलीकडे कोयना अभयारण्य, दक्षिणेला चांदोली. दोन्ही १९८५ साली अभयारण्यं झाली. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर आणि बफर मिळून ११६५ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आपला रत्नागिरी असे चार जिल्हे त्यात आले. २०१२ च्या जुलै महिन्यात पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आता विचार करा. १९८५ साली सरकारने तिथे काही लावलं होतं का? जंगल तिथे आधीपासून होतंच. ते राखलं तिथल्या गावांनी, धनगरांनी, कातकऱ्यांनी. ज्या जंगलात माणसं राहत होती तेच जंगल जगाला वारसा म्हणून दाखवण्याइतकं चांगलं राहिलं. आणि बक्षीस काय? चांदोलीच्या कितीतरी गावांना डोंगरावरून खाली आणलं. त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं अजून मिटलेली नाहीत. कोयनेच्या धरणात आधीच गावं बुडाली होती. त्यांचे नातू आजही दाखले घेऊन कचेरीत उभे असतात.

आम्हा कातकऱ्यांची गोष्ट तर अजून जुनी. आमचं नावच कातावरून पडलं. खैराचा कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांनी १८७८ साली वनकायदा केला, १९२७ साली परत केला, आणि खैराला हात लावणं हा गुन्हा झाला. आमचा धंदा गेला, आम्ही कोळशाच्या भट्टीवर आणि वीटभट्टीवर गेलो. चिपळूणच्या बाजूला काताचे कारखाने आजही चालतात. त्यांना परवाना आहे. ज्याच्या जातीचं नाव काताचं, त्याने खैराची फांदी तोडली तर तो चोर.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या दोन बायांची मोळी अडवली. वाळलेली लाकडं, चुलीपुरती. कोयते काढून घेतले. कायद्याच्या कलम ३(१)(ग) मध्ये गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क लिहिला आहे. पण त्या बायांच्या हातात कागद नव्हता, कारण दावा चार वर्षं पडून आहे. मोळी अडवली शुक्रवारी. रविवारी त्याच पायवाटेने पाहुणे गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. एकाच वाटेवर दोन कायदे आहेत का?

त्यांचा प्रश्न तीन महिन्यांत सुटतो

आणखी एक गोष्ट सांगतो. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर भागात पर्यटन बंद केलं. लगेच देशभर ओरड झाली. हॉटेलवाले, गाडीवाले, रिसॉर्टवाले म्हणाले, आमचा रोजगार बुडाला, लोक उपाशी मरतील. पेपरात पानं भरभरून आलं. मग सरकारच्या व्याघ्र प्राधिकरणाने नियमावली केली, आणि १६ ऑक्टोबर २०१२ रोजी बंदी उठली. नियमात आहे की कोअरच्या २० टक्क्यांपर्यंत भागात पर्यटन चालू शकतं.

तीन महिने सुद्धा पूर्ण झाले नाहीत. रोजगाराचा प्रश्न आहे म्हटल्यावर हलली सगळी यंत्रणा.

आमच्याही रोजगाराचाच प्रश्न आहे. करवंदं, हिरडा, शिकेकाई, मध, शेवळं, खेकडे, नदीतले मासे. गुरांची चराई. डोंगरउतारावरची नाचणी-वरी. त्याला किती वर्षं झाली? १८७८ पासून मोजा. आणि कोअरमधून माणसाने बाहेर जायचं ठरलं तर २०१२ साली एका कुटुंबाला दहा लाख रुपयांचा हिशेब होता. कोअर मोकळं केलं, मग तिथे तिकीट लावून गाडी नेली. जी पायवाट गुराख्याला बंद, तीच गाडीला उघडी. वाघाला आमच्या म्हशीचा त्रास होतो आणि जिप्सीचा होत नाही, असं आहे का?

इथे कुणी म्हणेल, वन्यजीव कायदा कडक आहे, तुम्ही काय करणार. तोही वाचा. २००६ साली त्या कायद्यात सुधारणा झाली. कलम ३८-व्ही मध्ये स्पष्ट आहे की व्याघ्र प्रकल्पातून लोकांना हलवायचं तर आधी त्यांचे वनहक्क मान्य झाले पाहिजेत, आणि माहिती देऊन ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) मध्ये तर आहेच की हक्क तपासून मान्य करायचं काम पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. दोन्ही कायद्यांत क्रम एकच, आधी हक्क, मग बाकी सगळं. साहेबांनी क्रम उलटा केला.

आपलीच पोरं म्हणतात, कशाला अडवता?

आता आपल्यातलं भांडण. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. रविवारी पाहुणे गेल्यावर वाडीत बैठक झाली, तेव्हा दोन-तीन तरुण पोरं म्हणाली, "तुमी नेहमी नाय म्हनता. वीटभट्टीवर जाऊन कंबर मोडन्यापेक्षा पावन्यांना डोंगर दाखवला तर काय वाईट? आगाऊ उचल घेऊन मालकाचं वर्षभर ऐकायचं, त्यापेक्षा हे बरं न्हाय का?"

पोरांचं म्हणणं खरं आहे. मी त्यांना गप्प करणार नाही. भट्टीवर काय होतं ते मी सुद्धा भोगलं आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वाडी उचल घेऊन जाते, पोरांची शाळा सुटते, शिमग्याला येतात तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. गावात राहून चार पैसे मिळत असतील तर कुणाला नको आहेत? आणि पाहुण्याला दारातून परत पाठवायची रीत आपल्यात नाही. उपाशी राहू पण पाहुण्याला भाकरी देऊ.

पण पोरांनो, रविवारचा हिशेब करा. पाहुण्यांनी पैसे दिले ते गाडीवाल्याला आणि बाजारपेठेतल्या माणसाला. भाकरी थापली धनगरवाड्यावरच्या बायकांनी, त्यांना मिळाले शंभर रुपये, ते पण सगळ्यांत मिळून. वाट दाखवणाऱ्याला पन्नास. म्हातारीला फोटोचे काहीच नाहीत, ड्रममधलं पाणी मात्र गेलं. डोंगर आपला, भाकरी आपली, श्रम आपले, आणि मालक दुसराच. वीटभट्टीवर तरी वेगळं काय असतं?

उद्या हेच वाढेल. आज जीप येते, उद्या तंबू येतील, परवा बंगले. डोंगरातल्या जमिनींना गिऱ्हाईकं आली आहेत, एजंट वाड्या-वाड्यांतून हिंडताहेत. आपल्या भागातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं, जुन्या खोतांच्या वारसांच्या सातबारावरचं. किती कातकरवाड्या दुसऱ्याच्या सातबारावर उभ्या आहेत! बाहेरचा माणूस डोंगर विकत घेतो, कुंपण घालतो, आणि पाणवठ्याची वाट बंद होते. मग आपलीच पोरं त्याच्या गेटवर वॉचमन आणि आपल्याच पोरी त्याच्याकडे भांडी घासायला. पाहुण्यांना दाखवायला संध्याकाळी नाच. याला रोजगार म्हणायचं असेल तर म्हणा. मी याला आपल्याच गावात परकं होणं म्हणतो.

ज्याच्या नावावर घर आहे, त्याच्याकडे पाहुणा आला तर तो यजमान. ज्याच्या नावावर काही नाही, त्याच्याकडे पाहुणा आला तर तो नोकर. फरक जमिनीचा आणि हक्काचा आहे, पर्यटनाचा नाही.

दार कुणाच्या हातात

आता कायदा काय म्हणतो ते बघा. वनहक्क कायद्याचं कलम ५ प्रत्येकाने पाठ करावं. ग्रामसभेला जंगल, वन्यप्राणी आणि जैवविविधता राखायचा अधिकार आहे. सामूहिक वनसंपत्तीत कुणी यायचं, कसं यायचं, याचे निर्णय ग्रामसभा करील, आणि जंगलाला, प्राण्यांना बाधा येईल असं काम थांबवील, आणि ते निर्णय पाळले जातील, असं त्यात लिहिलं आहे. या कामासाठी ग्रामसभेने स्वतःची समिती नेमायची, ते नियम ४(१)(ङ) मध्ये आहे.

म्हणजे समिती पाहिजेच असेल तर ती आपली, ग्रामसभेने नेमलेली. साहेबांच्या कागदावरची नव्हे. साहेबांची समिती साहेब बरखास्त करू शकतात. ग्रामसभेची समिती फक्त ग्रामसभा बरखास्त करू शकते.

हे नुसतं कागदावरचं नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव स्वतःच्या बांबूचा स्वतः वाहतूक परवाना देऊन बांबू विकतं. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासींच्या गावांना २०११ साली व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळाले. तेव्हा व्याघ्र प्रकल्पात दावे चालत नाहीत, असं कुणी सांगितलं तर हे नाव घ्या. आणि ओडिशात नियमगिरीला २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. एवढी मोठी कंपनी, आणि बारा लहान लहान गावं. ग्रामसभेची ताकद एवढी असते.

आपल्याकडे अडचण जास्त आहे, हे मान्य. रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही. पण वनहक्क कायदा सगळ्या महाराष्ट्रात लागू आहे. इथे चालत नाही, असं सांगणाऱ्या ग्रामसेवकाकडे ते लेखी मागा. लेखी कुणी देत नाही.

धनगर भावांनी घाबरू नये. ते आदिवासींच्या यादीत नाहीत, तरी इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्यांचा हक्क आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, राहात असल्याचं दाखवायचं. चराईचा हक्क कलम ३(१)(घ) मध्ये आहे. आम्ही कातकरी आदिम जमातीत मोडतो, म्हणून कलम ३(१)(ङ) प्रमाणे आमच्या पूर्ण वस्तीस्थानाचा, परिसराचा हक्क मागता येतो. तो आजवर आपण मागितलाच नाही. कातकऱ्यांनी आणि धनगरांनी एकमेकांचे साक्षीदार व्हावं. गुरं आणि मासे यांवरून आपण भांडलो, पण दाव्याच्या वेळी भांडलो तर दोघंही जाऊ.

घर ज्यांचं खाजगी सातबारावर आहे त्यांची लढाई वेगळी आहे, तिला वनहक्काचा अर्ज पुरत नाही. त्याबद्दल पुढच्या अंकात सविस्तर लिहू. तोपर्यंत कुणाच्याही कोऱ्या कागदावर अंगठा करू नका.

आता करायचं काय

एक. पर्यटन समितीच्या कागदावर कुणीही सही-अंगठा करायचा नाही. केला असेल तर लाजू नका, बैठकीत सांगा. न विचारता, न वाचून दाखवता घेतलेली सही आहे, असा अर्ज देऊ.

दोन. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला उठून एकच ठराव मांडायचा. आमच्या वाडीचे वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्क मान्य होईपर्यंत वाडीच्या हद्दीत पर्यटनाचं कुठलंही काम, कुठलीही समिती ग्रामसभेला मान्य नाही. ठराव वहीत लिहून घ्या. लिहिलेला वाचून दाखवायला लावा. नक्कल मागा.

तीन. २६ जानेवारीला निम्मी वाडी भट्टीवर असणार, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणूनच कागद आता आला. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे लोक आणि त्यात एक तृतीयांश बाया लागतात. म्हणून मोठी ग्रामसभा शिमग्याला घ्यायची, माणसं परत आली की. आणि ती वाडीची घ्यायची, सगळ्या ग्रामपंचायतीची नाही. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने जुलै २०१२ मध्ये तशा सूचना दिल्या आहेत. पंचायतीच्या गर्दीत आपला आवाज कोण ऐकतो?

चार. त्या सभेत नमुना ब आणि नमुना क भरायचे. ब म्हणजे गौण उपज, मासे, चराई यांचा सामूहिक दावा. क म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचा, राखायच्या आणि सांभाळायच्या हक्काचा दावा. पाहुण्यांचं दार हातात यायचं तर क पाहिजेच.

पाच. पुरावे आजपासून गोळा करा. जुनी पावती, दंडाची पावती सुद्धा चालते. जंगलात तुम्ही होता, हे फॉरेस्टनेच लिहून दिलेलं असतं! म्हाताऱ्या माणसांचे जबाब, स्मशानाची जागा, देवाची जागा, झरा, जुनी बांधबंदिस्ती, जोत्याचे दगड, सगळं पुरावा आहे. २०१२ च्या सुधारित नियमात आहे की वरच्या समितीला एकाच ठरावीक कागदाचा हट्ट धरता येत नाही. नकाशा काढायला म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन हद्द फिरा. पोरांनो, पाहुण्यांना डोंगर दाखवता, तसा आधी स्वतः आजोबांबरोबर फिरून घ्या. कुठला डोह कुणाचा, कुठल्या दगडाला काय नाव, ते आजोबांबरोबर जायच्या आधी लिहून ठेवा.

सहा. हक्क मिळाल्यावर पाहुण्यांबद्दलचे नियम ग्रामसभा करील. किती माणसं, कुठली वाट, देवराईत जायचं की नाही, फोटोला विचारायचं, भाकरीचा दर काय, पैसे कुणाच्या खात्यात, कचरा कोण नेणार. जमलं तर चालवू, नाही जमलं तर बंद करू. दोन्ही आपल्या हातात.

आणि त्या पाहुण्यांना

त्या दिवशी जे मला नशीबवान म्हणाले, त्यांना हा अंक कुणी वाचून दाखवला तर बरं होईल. भाऊ, आमचा तुमच्यावर राग नाही. तुमच्या शहरात श्वास घ्यायला जागा नाही म्हणून तुम्ही डोंगरात येता, हे आम्हाला समजतं. आमचेही कितीजण त्या शहरात फुटपाथवर आणि बांधकामावर राहतात. पण आम्हाला असंच राहा म्हणू नका. तुमच्या घरात लाईट आहे, नळ आहे, दवाखाना आहे. तुम्ही जे सोडायला तयार नाही, ते आम्ही कधी मागूच नये, असं का?

पुढच्या वेळी याल तेव्हा गाडीवाल्याला एवढंच विचारा, की या वाडीच्या ग्रामसभेने बोलावलं आहे का? या डोंगरावर या लोकांचा हक्क लिहून झाला आहे का? तो नाही म्हणाला तर गाडी वळवा, आणि प्रांतसाहेबांच्या कचेरीत जाऊन विचारा की यांचा दावा चार वर्षं का पडून आहे. तो एक रविवार आम्हाला उपयोगी पडेल.

हक्क लिहून झाला की या. वाडीच्या तोंडाशी पाटी असेल, त्यावर ग्रामसभेचे नियम असतील. ते वाचा आणि आत या. म्हातारी जात्यावर बसलेली असेल, तिला दळायचं असेल तर. ड्रम जिथे असेल तिथेच राहील. भाकरी मिळेल, मासे मिळाले तर तेही मिळतील. तेव्हा तुम्ही खरे पाहुणे, आणि आम्ही खरे घरवाले.

साथींनो, २६ जानेवारी विसरू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा अंक वाचून दाखवा, भट्टीवर असलेल्यांना निरोप द्या.

आधी हक्क, मग पाहुणा!
ग्रामसभेशिवाय समिती नाही, दाव्याशिवाय सही नाही!

जिंदाबाद!

— वाडीतला एक कार्यकर्ता